दुकानांच्या रस्त्यावर कचराकुंड्या वाढवायच्या की झाडणारा माणूस नेमायचा?

व्यापारी संघाच्या बैठकीत कचऱ्याचा विषय निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतंच, "अजून चार कुंड्या बसवून टाका." सूचना वाईट नाही. कुंडी डोळ्यांना दिसते, तिच्यावर संघाचं नाव रंगवता येतं, खर्च एकदाच होतो असं वाटतं आणि विषय तिथल्या तिथे संपतो. दुसरा पर्याय मांडणारा सहसा एकटा पडतो: कुंड्या मोजक्याच ठेवा आणि उरलेल्या पैशात दिवसभर रस्त्यावर फिरणारा झाडणारा माणूस नेमा. आमच्या रस्त्यावर हे दोन्ही प्रकार करून झाले आहेत आणि दोन्ही वेळेला मी समितीवर होतो. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच, पण कुंड्यांची बाजूही खोटी नाही, म्हणून दोन्ही मांडतो.

पहाटेची झाडलोट मी यात धरत नाही. ती पालिका करते, बरी करते किंवा वाईट करते, तो वेगळा विषय. आपला प्रश्न दुकानं उघडल्यापासून शटर पडेपर्यंतचा. या वेळात जमणारा कचरा घरच्या कचऱ्यासारखा नसतो. पावत्या, वेष्टणं, कागदी पेले, वाटलेली पत्रकं, पुठ्ठ्याचे तुकडे, खोक्यांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, सिगारेटची थोटकं. वजन करायला गेलं तर काहीच नाही. पण गिऱ्हाईक रस्त्यावर पाऊल ठेवतं तेव्हा त्याला हेच दिसतं.

कुंडीच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे ती रजेवर जात नाही. रात्री, सुट्टीच्या दिवशी, मुसळधार पावसात ती जागेवर असते. हातात रिकामा पेला घेऊन चालणाऱ्या भल्या माणसाला ती लागतेच. "कुंड्याच काढून टाका, लोक कचरा घरी नेतील" असं म्हणणारेही भेटतात आणि हमखास जपानचा दाखला देतात. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी तिथल्या सार्वजनिक जागांवरच्या पुष्कळ कुंड्या हटवल्या गेल्या आणि तरीही रस्ते स्वच्छ राहिले, हे खरं आहे. पण तिथे दुकानदार आपल्या दारापुढची जागा स्वतः झाडतात, शाळेतली मुलं आपला वर्ग स्वतः साफ करतात. कुंडी काढली की ही सवय मागोमाग येते असं नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं २०११ साली दोन स्थानकांवरच्या कुंड्या काढून पाहिल्या, पुढे तो प्रयोग ३९ स्थानकांपर्यंत नेला आणि २०१७ मध्ये गुंडाळला. तेव्हा शून्य कुंड्या हा पर्याय मी विचारात घेत नाही. प्रश्न एवढाच, की जास्तीचा पैसा कुठे घालायचा.

कुंडीचं तोंड केवढं ठेवायचं यावर आमच्याकडे जेवढा खल झाला तेवढा संघाच्या निवडणुकीवरही झाला नसेल. तोंड मोठं ठेवलं की आसपासच्या घरांतल्या पिशव्या त्यात येऊन पडतात आणि दुपारच्या आत कुंडी भरते. झाकण लावलं तर झाकणाला हात लावायला कुणी तयार नसतं. पायाने दाबायचा खटका सगळ्यात आधी तुटतो. तोंड अरुंद ठेवलं तर घरची पिशवी आत जात नाही हे खरं, पण ती परत घरीही जात नाही. ती कुंडीला टेकून ठेवली जाते. अगदी नीट, गाठ मारून. ठेवणाऱ्याला वाटतं आपण कचरा कचऱ्याच्या जागीच ठेवला.

माझं मन याच पिशवीनं फिरवलं.

आमचा कुंड्या रिकाम्या करण्याचा ठेका कुंडीमागे होता, म्हणजे इतक्या कुंड्या, दिवसातून इतक्या वेळा, त्याचे इतके पैसे. गाडी वेळेवर यायची, त्याबद्दल तक्रार नाही. माणूस उतरायचा, कुंडीतली पिशवी ओढून काढायचा, नवी अडकवायचा आणि गाडी पुढे. कुंडीला टेकलेली पिशवी तशीच. ओढताना सांडलेले पेले तसेच. एकदा मी त्याला थांबवून विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आतलं आमचं. बाहेरचं आमच्याकडे नाही." ठेकेदाराला फोन केला तर त्यानंही तेच सांगितलं, फक्त जरा गोड शब्दांत, आणि कराराचा कागद दाखवायची तयारी ठेवली. कागदावर त्याचं बरोबर होतं. पालिकेच्या माणसाचं म्हणणं, कुंड्या संघाच्या, तेव्हा त्यांच्याभोवतीचंही संघानंच पाहायचं. ज्या दुकानापुढे कुंडी, तो दुकानदार म्हणायचा, मी वर्गणी भरतो, वर पिशव्याही मीच उचलू? कुंडीच्या काठापासून वीतभर अंतरावरची जागा कुणाचीच नव्हती.

आणि ती जागा कशी दिसते ते जवळून पाहण्यासारखं आहे. पिशवीच्या तळाला कुठेतरी छिद्र असतं. त्यातून जे पाझरतं ते फरशीच्या सांध्यांतून उताराकडे जातं आणि वाळल्यावर चिकट काळपट पट्टा उरतो. त्यावर धूळ बसते, बुटांचे ठसे उमटतात. कुंडी दोन फूट सरकवली तर खाली गोल डाग दिसतो, त्या गोलाबाहेर हा पट्टा, आणि पाणी मारून दोन्ही जात नाहीत, घासावे लागतात. कुंडी सरकायचीही बरं का. आपल्या दारासमोर ती कुणालाच नको असते, त्यामुळे रात्रीतून एका दुकानापुढून दुसऱ्या दुकानापुढे तिचा प्रवास चालायचा आणि प्रत्येक मुक्कामी एकेक गोल उमटायचा. शेवटी आम्ही कुंड्या जमिनीत पक्क्या केल्या. मग ज्यांच्या दारात त्या पक्क्या झाल्या त्यांनी बैठकीला येणं सोडलं.

हल्ली सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या, आतला कचरा दाबून जागा करणाऱ्या आणि भरल्या की निरोप पाठवणाऱ्या कुंड्या मिळतात. चांगल्या असतील. ज्यांचा त्रास कुंडी लवकर भरण्याचाच आहे त्यांनी जरूर विचार करावा. आमचा त्रास कुंडीच्या बाहेर होता, आणि बाहेरचं ते यंत्रही उचलत नाही.

आता झाडणारा माणूस. आम्ही नेमलेल्या माणसाकडे दोन चाकांची हातगाडी, लांब दांड्याची सुपली, एक मऊ झाडू, एक खराटा आणि चिमटा एवढंच सामान असतं. तो रस्त्याच्या एका टोकापासून निघतो, दुसऱ्या टोकाला पोचतो आणि परत फिरतो. त्याच्या कामात आतलं-बाहेरचं असा भेद नाही, कारण त्याच्याकडे सोपवलेला आहे तो रस्ता. टेकलेली पिशवी दिसली की तो ती गाडीत टाकतो. कुंडी भरत आली की तीही तोच रिकामी करतो. थोटकांचं काम तर माणसाशिवाय होतच नाही. सिगारेटचं फिल्टर कापसासारखं दिसलं तरी ते सेल्युलोज ॲसिटेटचं, म्हणजे प्लास्टिकचंच असतं, आपोआप कुजून जात नाही. फरशांच्या सांध्यात ते असं रुतून बसतं की झाडू वरून निघून जातो. आमचा माणूस तिथे वाकत नाही. चिमट्याचं टोक सांध्यात घालून मनगटाला एक झटका देतो आणि थोटूक सुपलीत उडतं. ते पाहिल्यावर मला थोटकांसाठीच्या खास कुंड्यांची माहितीपत्रकं चाळण्यात रस उरला नाही.

यामागे नुसती माझी आवड आहे असं वाटू नये म्हणून दोन गोष्टी सांगतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांच्या हातात पत्रकं देऊन ती कुठे टाकली जातात हे पाहिलं होतं. वाटेवर आधीच बराच कचरा असला की टाकणारे वाढतात, हे अपेक्षितच होतं. गंमत अशी, की अगदी स्वच्छ वाटेपेक्षा एकच कागद पडलेल्या वाटेवर लोकांनी कमी टाकलं. तो एकटा कागद दिसला की बाकीची स्वच्छता नजरेत भरते, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुसरा प्रयोग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. सायकली लावायच्या एका गल्लीत हँडलला पत्रकं अडकवून ठेवली. गल्लीत कुंडी नव्हतीच. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी पत्रक तिथेच टाकलं, भिंत रंगवून विद्रूप केली तेव्हा ६९ टक्क्यांनी. दोन्ही वेळेला कुंडीचा अभाव सारखाच. फरक पडला तो परिसराच्या अवस्थेनं. रस्ता दिवसभर त्या 'एकच कागद' अवस्थेत ठेवायचा तर कुणीतरी फिरत राहायला हवं.

या पर्यायाच्याही कटकटी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. माणूस आजारी पडतो, गावी जातो, लग्नकार्याला जातो. बदली माणूस आधी ठरवून ठेवला नाही तर दुपारपर्यंत रस्ता पूर्वीसारखा होतो. एकच सलग पाळी ठेवली तर नेमकी संध्याकाळची गर्दी सुरू होताना त्याचं काम संपतं. आम्ही मधे मोठी सुट्टी देऊन दिवस दोन तुकड्यांत पाडला, पण हे त्याला सोयीचं आहे का हे आधी त्यालाच विचारावं लागतं. पावसात भिजलेलं पत्रक फरशीला असं चिकटतं की खराट्यानंही निघत नाही. च्युइंगमच्या डागांपुढे तर तो हतबलच आहे, त्याला गरम वाफेचं यंत्रच लागतं. (सिंगापूरनं १९९२ मध्ये च्युइंगमची विक्रीच बंद केली. आपल्या संघाच्या हातात तेवढा अधिकार नाही.)

सगळ्यात वाईट सवय मात्र दुकानदारांना लागते. "तो आहे ना" म्हणून दुकानातला केर उंबऱ्याबाहेर लोटायचा, खोकी न मोडता तशीच पदपथावर ठेवायची, आणि वर त्यालाच "जरा हे एवढं पोचवून ये" म्हणून कामाला पिटाळायचं. हे पहिल्याच आठवड्यात थांबवावं लागतं. आम्ही त्याच्या कामाची यादी प्रत्येक दुकानात दिली आणि यादीबाहेरचं काम सांगणाऱ्याचं नाव बैठकीत वाचायचं ठरवलं. नाव वाचायची वेळ फारशी आली नाही. आणि हातमोजे, बूट, पिण्याचं पाणी, बसायला सावलीची जागा, या गोष्टी नेमणुकीच्या दिवशीच द्या. पुढे बघू म्हटलं की त्या राहून जातात.

पैशांचं म्हणाल तर कुंड्या स्वस्त पडतात असं सगळ्यांना वाटतं, कारण खरेदीचा आकडा एकदाच दिसतो. पिशव्या, रिकामं करण्याचा ठेका, धुणं, तुटलेली झाकणं हे वर्षभर हळूहळू जात राहतं आणि वेगवेगळ्या पानांवर लिहिलं जातं. झाडणाऱ्याचा पगार दर महिन्याला एका ओळीत दिसतो, म्हणून तो टोचतो. आमच्या हिशेबात माणूस थोडा महाग पडला, पण बैठकीत जेवढा धसका घेतला होता तेवढा नाही. तुमचं गणित वेगळं असू शकेल.

खरी अडचण रक्कम किती हे नसून ती सगळ्यांकडून गोळा कशी करायची ही आहे. निम्मे भरतात आणि रस्ता मात्र सगळ्यांचा स्वच्छ होतो. यावर टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातल्या व्यापाऱ्यांनी १९७० साली काढलेला तोडगा पुढे अनेक देशांत गेला: ठरलेल्या हद्दीतल्या सगळ्या दुकानांवर सक्तीची आकारणी, ती पालिकेनं करासोबत वसूल करायची आणि खर्च व्यापाऱ्यांच्या मंडळानं त्याच रस्त्यावर करायचा. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९९२ पासून अशाच मंडळानं स्वतःचे सफाई कामगार ठेवले. जिथे कायद्यात अशी सोय नाही तिथे ऐच्छिक वर्गणीवर भागवावं लागतं, आणि तिथे एक गोष्ट माणसाच्या पथ्यावर पडते. न भरणाऱ्याच्या दारात हातगाडी रोज येते. तो रोज तिला पाहतो. कुंडीकडे पाहून वर्गणी भरायची आठवण झाल्याचं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

तुमचा रस्ता खूप लांब असेल, दुकानं विरळ असतील, किंवा रात्री उशिरापर्यंत वर्दळ चालत असेल, तर कुंड्यांशिवाय गत्यंतर नाही आणि माझ्या आग्रहाला फारसा अर्थ नाही. पण दाट दुकानांचा, पायी एका दमात चालून संपणारा रस्ता असेल, तर मी दोन्ही टोकांना आणि बसथांब्यापाशी एकेक अरुंद तोंडाची कुंडी ठेवीन आणि बाकी पैसे माणसावर घालीन. त्यानं गोळा केलेला कचरा शेवटी कुठे जाणार हे मात्र पालिकेशी आधी बोलून घ्या, नाहीतर हातगाडी भरून कोपऱ्यात उभी राहते.

आणि समितीनं बहुमतानं कुंड्याच ठरवल्या, तर निदान करारात कुंडीभोवतीची दोन-दोन मीटर जागा लिहून घ्या. पैसे कुंडीमागे न ठरवता रस्त्याच्या लांबीवर ठरवता आले तर आणखी बरं. सही करण्याआधी गाडीवर खराटा असतो का तेही विचारा. आमच्याकडे यायची त्या गाडीवर सुट्या पिशव्यांचा गठ्ठा होता, हातमोजे होते, नोंदवही होती, खराटा नव्हता.