पोरीच्या पहिल्या पिस्तुलापायी आमचे ब्याण्णव हजार गेले

हे लिहायला मला चार महिने लागले. कोणाला सांगायचं म्हटलं की लाज वाटायची, शिकलेली माणसं आपण आणि असे कसे फसलो. पण मागच्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर एका नवीन मुलाचे बाबा मोबाईलमध्ये एका पिस्तुलाचा फोटो दाखवत होते, "छोटं आहे, मुलांसाठीच आहे, चांगल्या भावात मिळतंय" आणि खाली नंबर तोच. आम्हाला फसवलं त्याच माणसाचा. माझ्या हातापायातलं बळच गेलं. त्यांना तिथेच बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

आमची मुलगी बारा वर्षांची, सातवीत. पॅरिसला 2024 मध्ये मनू भाकरने दोन मेडल घेतली आणि लगेच आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून हिच्या डोक्यात शूटिंग बसलं. आम्ही भांडुपला राहतो, उपनगरातल्याच एका रेंजवर तिला घातलं. दहा मीटर एअर पिस्तूल. क्लबची पिस्तुलं दोन आणि मुलं आठ, म्हणजे दोन तासांत हिच्या वाट्याला अर्धा तास यायचा, त्यात मूठ मोठ्या माणसाच्या मापाची, घरी आली की मनगट दाबत बसायची. सर म्हणायचे, "घाई करू नका, हात वाढतोय तिचा, अजून वर्षभर क्लबचंच वापरू दे." आम्ही ऐकलं नाही. खरं दुखणं तिथनं सुरू झालं.

गणपतीत घरी सगळे जमले तेव्हा माझे मावसदीर म्हणाले, अगं तिला ते कानपूरच्या फॅक्टरीचं छोटं रिव्हॉल्व्हर घे ना, बायकांसाठी काढलेलं, निर्भीक. हे बऱ्याच जणांना वाटतं म्हणून सांगते, ते 2014 साली आलेलं .32 बोअरचं खरं रिव्हॉल्व्हर आहे, अर्धा किलोचं, पण त्याला शस्त्र परवाना लागतो आणि परवान्याला वय 21 पूर्ण पाहिजे, बारा वर्षांच्या पोरीचा त्याच्याशी काही संबंधच नाही. मुलं जे शिकतात ते हवेवर चालणारं 4.5 मिलिमीटर बोअरचं पिस्तूल, त्याची ताकद पाच-सहा ज्यूलच्या आसपास, आणि आपल्या नियमात 4.5 मिलिमीटरपर्यंत आणि 20 ज्यूलच्या आत असलेल्या एअर वेपनला परवाना लागत नाही. हे सगळं मी दिरांना समजावलं खरं, पण "छोटं" हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. पोर लहान, हात लहान, तर पिस्तूलही लहान पाहिजे, इतकं सरळ मला वाटलं. आणि त्या माणसाने नेमकं तेच ओळखलं.

पालकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरनं त्याचा नंबर मिळाला. बोलणं इतकं गोड, "ताई, माझीपण मुलगी शूट करायची, आता बारावीमुळे सोडलं, पिस्तूल पडून आहे, चांगल्या हातात जावं एवढंच वाटतं." जर्मन मेक, कॉम्पॅक्ट मॉडेल, दोन वर्षं वापरलेलं. नवीन घ्यायला गेलं तर आम्हाला सगळे दोन लाखाच्या वरचेच आकडे सांगत होते, हा एक लाख दहा म्हणाला आणि ब्याण्णववर आला. मी म्हटलं रेंजवर आणा, सर बघतील. तर म्हणे, "ताई तुम्हाला म्हणून सांगतो, कोच लोकांचं डीलरशी ठरलेलं असतं, सेकंडहँड म्हटलं की खोट काढणारच, तुमच्याकडनं नवीन घ्यायला लावतील." आणि मी ते मनावर घेतलं! ज्या सरांनी सहा महिने माझ्या पोरीचा खांदा धरून धरून उभं राहायला शिकवलं त्यांच्याबद्दल मला एका परक्या माणसाने दोन वाक्यात शंका घ्यायला लावली, याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटतं.

मुलीला घेऊन येते म्हटलं तर "नको ताई, सरप्राइज द्या, खंडेनवमी चार दिवसांवर आलीय, शस्त्रपूजेला समोर ठेवा, बघा कशी खूश होते". वर नाशिकची एक पार्टी टोकन द्यायला तयार आहे हे होतंच. मुलीची तशीही सहामाही चालू होती. म्हणून मी आणि हे, दोघंच गेलो, दादरला स्टेशनजवळच्या एका हॉटेलात, संध्याकाळी सातला. गर्दी ही, लाईट पिवळा, टेबलावर चहा, त्याने केस अर्धवट उघडून मांडीवरच दाखवली, म्हणे लोक बघतील तर घाबरतील. तेही आम्हाला पटलं. मोबाईलवर बिलाचा फोटो दाखवला 2023 चा. वीस हजार आधी पाठवले होते, बहात्तर हजार तिथे बसून यूपीआय केले. त्यात माझी तीन वर्षांची आरडी होती.

खंडेनवमीला पाटावर लाल कापड, त्यावर पिस्तूल, झेंडूची फुलं, हळद-कुंकू. पोरगी दहा मिनिटं नुसती बघत होती, हात लावायला पण घाबरत होती. मग हळूच म्हणाली, "आई, हे माझं एकटीचं?"

दसरा झाला आणि शनिवारी रेंजवर गेलो. सरांनी केस उघडली, काही बोलले नाहीत, पिस्तूल उलटं करून पुढचा सिलिंडर बघायला लागले. नळीखाली जी हवेची टाकी असते ना, ती. त्यावर एक चमकीचं फुलपाखराचं स्टिकर होतं. मी तर ते बघून अजून विश्वास ठेवला होता की खरंच लहान मुलीचं असणार. सर म्हणाले, "हे काढ गं." पोरीने नखाने कोपरा उचलला, हळूहळू सोललं, फाटू नये म्हणून जपून, तिला ते घरी वहीला लावायचं होतं. खाली धातूवर तारीख कोरलेली. 2012.

मला काही कळेना. मग सरांनी सांगितलं ते प्रत्येक पालकाने ऐकावं असं आहे. या टाकीत 200 बारपर्यंत हवा दाबून भरतात. आपल्या गाडीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार असते, त्यावरनं अंदाज घ्या. सारखं भरून रिकामं होऊन धातू थकतो, म्हणून टाकीचं आयुष्य दहा वर्षं धरतात, आणि आंतरराष्ट्रीय नियमातही दहा वर्षांपेक्षा जुनी टाकी चालत नाही, तारीख तपासायची जबाबदारी खेळाडूची. म्हणजे 2022 ला हे संपलेलं होतं. सर म्हणाले मी यात हवा भरणार नाही आणि कोणाला भरूही देणार नाही. माझ्या पोरीच्या तोंडापासून हातभर अंतरावर ती टाकी राहणार होती आणि वर मी कुंकू लावून तिच्या हातात दिली होती.

मग टाकीतली होती नव्हती ती हवा सोडली, नळीत छर्रा नाही याची खात्री केली आणि ट्रिगर बघितला. एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी 500 ग्रॅमचा पाहिजे असा नियम आहे. बघायची रीत सोपी आहे, नळी आभाळाकडे करून पिस्तूल उभं धरायचं, ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि टेबलावरनं उचलायचं, वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. आमचं वजन टेबल सोडायच्या आधीच कट् करून सुटलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. स्क्रू फिरवूनही फरक पडेना, आतला भागच झिजलाय म्हणे. "ट्रिगर एकदम बटर आहे ताई" असं जे तो सांगत होता ते हे बटर. नवीन मूल बोट लावून हात वर उचलता उचलताच गोळी सुटेल असा ट्रिगर. नवीन मुलाला अशा ट्रिगरची सवय लागली की बोट दाबायचं शिकतच नाही, ते नुकसान वेगळंच.

आणि मूठ. ज्या मुठीसाठी एवढं केलं ती मुळातली मोठ्या पुरुषाच्या हाताची, कानसने घासून लहान केलेली, जास्त घासलं गेलं तिथे लाकडाची पुट्टी भरलेली आणि वरनं पॉलिश. सरांनी अंगठ्याच्या बेचक्याजवळ नख दाबलं तर तुकडाच निघाला. कॉम्पॅक्ट वगैरे काही नव्हतं, साधं जुनं मॉडेल. बिलावरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर, शेवटचे तीन आकडे वेगळे, म्हणजे बिल दुसऱ्याच कुठल्यातरी पिस्तुलाचं. हे आम्ही हॉटेलात फोटो मोठा करून बघितलं असतं तरी दिसलं असतं.

सरांनी मला एक वाक्यपण लावून बोललं नाही. नंतर बाकावर बसवून समजावलं, की लहान मुलासाठी छोटं पिस्तूल शोधायचंच नसतं. हा खेळ एका हाताने खेळायचा, मोठ्यांच्या मॅचला साठ गोळ्या आणि सव्वा तास, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, दहा मीटरवर. खूप हलकं पिस्तूल असलं की ते हातात पाखरासारखं फडफडतं, स्थिर होत नाही. फार जड, पुढे ओढणारं असलं की पोराचा खांदा जातो आणि पाठ मागे कलते. नियमात दीड किलोपर्यंत चालतं पण मुलांना एक किलोच्या आतबाहेरचं बरं पडतं. आणि सगळ्यात आधी मूठ. मुलाने पकडल्यावर बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ बसतंय का, मनगट न वाकवता नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच एका रेषेत येते का, डोळे मिटून हात उचलून डोळे उघडले तर ती जागेवरच आहे का. मूठ लहान, मध्यम, मोठी अशी वेगवेगळी मिळते, डावखुऱ्यांची वेगळी असते, बदलता येते. पिस्तूल तेच ठेवून मूठ बदला म्हणाले, मूल मोठं झालं की परत बदला. हे ज्ञान मला फुकटात मिळणार होतं, विचारलं असतं तर.

पुढचं थोडक्यात सांगते. त्याला फोन केला, पहिल्या दिवशी म्हणे "असं कसं होईल ताई, बघतो", दुसऱ्या दिवशी म्हणे तुम्हीच काहीतरी केलं असेल, तिसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. दुरुस्तीचं विचारलं तर त्या जुन्या मॉडेलची टाकी सहज मिळत नाही आणि ट्रिगर धरून तीस-बत्तीस हजार सांगितले, ते आम्ही करणार नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला पण तोवर नऊ दिवस उलटून गेले होते, पैसे गेल्यागेल्या तासाभरात केला असता तर खातं गोठवायला काहीतरी संधी होती. पोलिसांकडे लेखी अर्ज दिलाय, चॅट, व्यवहाराचे स्क्रीनशॉट, स्टिकर काढतानाचे फोटो सगळं जोडून, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे, वकील ओळखीचे आहेत ते बघतायत. त्यातला एकही रुपया अजून आलेला नाही. आणि ते नंबर न जुळणारं पिस्तूल कोणाचं असेल, कुठल्या क्लबमधनं गेलेलं असेल का, ही धास्ती वेगळी, म्हणून अर्जात बॉडीवरचा नंबर आम्ही स्वतःहून लिहून दिला.

तुम्ही घेणार असाल तर मुलाला बरोबर न्या, आणि रेंजवरच बघा, दिवसाउजेडी. टाकीवर स्टिकर, टेप, कव्हर काही असेल तर आधी ते काढायला लावा, तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. वजन रेंजवर असतंच, विकणाऱ्यासमोर ट्रिगर तपासा. बॉडीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर बोट ठेवून जुळवा, आणि बिल कागदावर मागा. तुमच्या सरांना सांगू नका असं जो म्हणेल त्याच्याशी पुढे बोलूच नका.

पिस्तूल कपाटात केसमध्येच आहे. दोघांनी विचारलं, आहे तसं विकून टाका, कोणीतरी घेईल. मी नाही म्हटलं. कोणाचं तरी मूल असणार ना ते. परवा केस साफ करायला काढली तर मुठीच्या खरबरीत भागात कुंकू अजून बसलेलं होतं, ओल्या फडक्याने पुसलं तरी निघेना. पोरगी बघत होती, म्हणाली राहू दे आई. तिचा नंबर आता क्लबच्या पिस्तुलावर शनिवारी सकाळी पावणेआठला लागतो, साडेसातच्या आधीच जाऊन उभी असते.