पुण्याची पार्टी आणि ‘जपान असेंब्ली’ची आरएक्स

दिवाळी झाली की खान्देशात कापसाचा पैसा घरात येतो, आणि त्याच्या मागोमाग तो काढून नेणारेही येतात. कुणी मांडूळ घेऊन येतं, कुणी गुप्तधनाची गोष्ट घेऊन. मागच्या हंगामात ते यामाहा आरएक्स १०० घेऊन आले. माझे १ लाख ४५ हजार रुपये त्यात गेले. पोलिसांत तक्रार दिली आहे, प्रकरण चालू आहे, म्हणून कुणाचं नाव, गाव किंवा गाडीचा नंबर इथे लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहितो, कारण चोपडा आणि धुळ्याकडच्या आणखी दोघांना याच वाटेने नेलंय हे नंतर कळलं.

या डावातली निम्मी माहिती खरी होती, हे आधी सांगायला हवं. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाबरोबर १९८५ मध्ये आरएक्स १०० आपल्याकडे आणली. टू-स्ट्रोक इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन जेमतेम १०० किलोच्या वर. म्हणून तर ती पिळली की पुढचं चाक हवेत जायचं. पहिल्या काही गाड्यांचे भाग जपानहून आले आणि इथे जोडले गेले, त्यांनाच ‘जपान असेंब्ली’ म्हणतात. १९९६ मध्ये ही गाडी बंद झाली. तोवर हिरो होंडाने चार स्ट्रोकचा जमाना आणला होता आणि लोक ॲव्हरेज विचारायला लागले होते. आमच्याकडे कितीतरी आरएक्स दुधाचे कॅन वाहून वाहून संपल्या, उरलेल्या भंगारात किलोवर गेल्या. राजदूत ३५० ची गत तर आणखी वाईट. १९८३ मध्ये आलेली ३४७ सीसीची दोन सिलिंडरची गाडी, पण पेट्रोल असं प्यायची की दारात उभी करायची कुणाची हिंमत होईना. आता त्याच गाड्यांना लाखाच्या वर भाव आहे. कॉलेजच्या वयात ज्यांना ती परवडली नाही, त्यांच्या हातात आज पैसा आहे, आणि गाड्या नव्याने तर बनत नाहीत. अमेरिकेतही हेच झालं. सामान्य नोकरदाराला परवडावी म्हणून काढलेली डॅटसन २४० झेड ही जपानी स्पोर्ट्स कार पुढे वर्षानुवर्षं कवडीमोलाने विकली गेली, आणि आता तिच्या चांगल्या गाड्यांवर बोली लागते.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तिथेच माणूस अडकतो. भाव वाढलेत हे तुम्ही चार ठिकाणी विचारून खात्री करू शकता, आणि ती खात्री झाली की समोरच्या गाडीवरही आपोआप विश्वास बसतो.

सुरुवात गाडीपासून झालीच नाही, गिऱ्हाइकापासून झाली. तालुक्याच्या गावी हायवेला लागून एक ओळखीचं गॅरेज आहे. तिथे एमएच-१२ ची कार घेऊन दोघं आले. पुण्याचे, जुन्या गाड्या जमवणारे, १९९० च्या आधीची आरएक्स असेल तर सव्वादोन लाख रोख देऊ म्हणाले. गॅरेजमध्ये कोपऱ्यात एक आरएक्स उभीच होती. ती त्यांनी पाहिली आणि नाकारली. टाकीचा पत्रा बदललेला आहे, सायलेन्सर लोकल आहे, मागचं मडगार्ड दुसऱ्याच गाडीचं आहे, असं एकेक बोट ठेवून सांगितलं. सगळं बरोबर होतं. जो माणूस विकत घ्यायला नकार देतो त्याच्यावर कोण संशय घेईल? माझ्या मते सबंध नाटकात हा प्रवेश सगळ्यात हुशारीने बसवलेला होता. कार्ड ठेवून ते निघून गेले.

थोड्या दिवसांनी त्याच गॅरेजवर पंक्चर काढायला एक पोरगा आला आणि बोलता बोलता मोबाईलवर फोटो दाखवला. साक्रीकडे काकांच्या मळ्यात एक आरएक्स पडून आहे, विकायची आहे, पण काका कुणाला दाद देत नाहीत. गॅरेजवाल्याने मला फोन लावला. “बापू, पैसे तुम्ही लावा, गाडी मी नीट करतो. वर सुटतील ते निम्मे निम्मे.” हा गॅरेजवाला त्यांच्यात सामील होता की त्यालाही वापरलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो शपथा घेतो. पोलिसांनी काय ते ठरवावं. मी कार्डावरच्या नंबरवर पुण्याला बोललो. तिकडून उत्तर आलं, ८६ ची जपान असेंब्ली निघाली तर अडीच लाख देऊ, पण आम्ही येईपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवू नका.

मळ्यावर मी, गॅरेजवाला आणि माझा भाचा असे तिघं गेलो. गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली गाडी, वर धूळ, सीटवर कोंबडीची विष्ठा. म्हातारा धोतर-टोपीतला, गरीब बोलण्याचा. गाडी मुलाची होती, मुलगा सुरतेला साड्यांच्या मिलमध्ये होता, तो गेला. आता घरी सून आणि नातू. “इकाले मन व्हत नही बापू, पण काय करू?” असं म्हणून त्याने उपरण्याने टाकी पुसली. अशा वेळी नंबर खरवडून दाखवा, असं तोंडातून निघत नाही. मग भरीत, कळण्याची भाकर आणि ठेचा समोर आला. जेवण फार चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. जेवताना म्हाताऱ्याच्या फोनवर सुरतेच्या कुणा गिऱ्हाइकाचा फोन आला, स्पीकरवर १ लाख ६० हजार बोलला. म्हाताऱ्याने त्याला “आपला मानूस बसेल शे” (आपला माणूस बसलाय) म्हणून थांबवलं. आम्हाला ती १ लाख ४५ हजारांत देऊन त्याने जणू उपकारच केले.

भाच्याने मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून पाहिला, नोंद सापडली नाही. फोटो दाखवणाऱ्या पोराकडे उत्तर तयार होतं. जुन्या पुस्तकाची गाडी आहे, ऑनलाइन चढलेली नाही, आरटीओत बॅकलॉग टाकावा, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागेल. हेही खरंच आहे, कितीतरी जुन्या गाड्या अशा आहेत. आरसी बुक तिसऱ्याच माणसाच्या नावावर होतं. त्या मूळ मालकाच्या म्हणून सह्या केलेले, गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० दिले. वरून सांगितलं की ४० वर्षं होत आली, आता ही व्हिंटेजमध्ये जाईल, मग पासिंगची कटकट नाही. ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी झाली. २५ हजार विसार मोबाईलवरून पाठवला, समोर नाव भलतंच आलं. सुनेचा नंबर आहे म्हणाले. बाकी रोख दिले.

पुण्याचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागत होता. “रविवारी येतो” म्हणाले. मग बंद झाला तो झालाच. मळाही त्या म्हाताऱ्याचा नव्हता, महिन्याच्या बोलीने राखणीला घेतलेला निघाला.

गाडी नेमकी काय आहे हे जळगावच्या एका जुन्या मिस्तरीने दाखवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात, टू-स्ट्रोकमध्येच आयुष्य गेलंय. त्यांनी आवाज ऐकूनच मान हलवली होती, पण काही बोलले नाहीत. हेडचे नट काढले, पिस्टन खाली घेतला, सिलिंडरचं तोंड पुसलं आणि व्हर्नियर लावून माझ्या हातात दिला. ५८ मिलिमीटर. आरएक्स १०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाचा व्यास, ५० चा. घासून ओव्हरसाइज पिस्टन टाकत गेलं तरी तो मिलिमीटरभर वाढेल, आठ नाही वाढणार. ५८ चा बोअर आरएक्स १३५ चा. ती गाडी १०० बंद झाल्यावर आली, २००० नंतरही मिळत होती, आणि तिला हा भाव नाही.

मग त्यांनी हँडलखालच्या मानेवर, जिथे चेसिस नंबर असतो तिथे, थिनरचा बोळा फिरवला. रंग गेला, त्याखाली पुट्टी निघाली. पुट्टी खरवडली तर खाली ग्राइंडरच्या बारीक आडव्या रेघा, आणि त्यांच्यावर ठोकलेला नवीन नंबर. कंपनीचा पंच एका ओळीत आणि एका खोलीचा असतो. इथे ७ चा पाय खाली घसरला होता आणि शेवटचा आकडा दोनदा ठोकल्यामुळे दुहेरी दिसत होता. चाचा एवढंच म्हणाले, “बापू, याला किक मारू नका आता, सरळ ठाण्यात न्या.”

आरसी बुकाचा उलगडा आणखी सोपा होता. पुस्तक खरं होतं, कुठल्यातरी मोडीत गेलेल्या गाडीचं, फक्त सालाच्या रकान्यातला आकडा बदलून ८६ केलेला. जपान असेंब्लीचा भाव येतो म्हणून. पण नंबर होता एमएच-१९ चा. एमएच आणि आकडा ही पद्धत १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यावर आली. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरांच्या जुन्या मालिकेचे नंबर होते. ८६ मध्ये जळगावात पासिंग झालेल्या गाडीला मुळातून एमएच-१९ मिळूच शकत नाही. आरटीओबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या एजंटाने चहा पिता पिता हे सांगितलं, पुस्तक हातातही न घेता.

व्हिंटेजची गोष्टही तशीच पोकळ. २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी. दुचाकीलाही हेच लागू. त्याची नवी नोंदणी २० हजारांची, आणि अशी गाडी रोज वापरता येत नाही. १९८५ ची अस्सल आरएक्सही २०३५ च्या आधी त्यात बसत नाही. तोपर्यंत १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवायची. २०२५ पासून २० वर्षांपुढच्या दुचाकीला त्याचीच फी २ हजार आहे, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा. विकणारा ‘पासिंग संपलंय, करून घ्या’ एवढंच म्हणतो. पण त्या तपासणीत इन्स्पेक्टर चेसिस नंबरचा ट्रेस, म्हणजे कागदावर ठसा घेतो, आणि ठोकलेला नंबर तिथे पकडला जातो. तोवर गाडी तुमच्या ताब्यात आणि उत्तरं तुम्ही द्यायची.

माझी गाडी आता ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी आहे. मूळ चेसिस नंबर घासलेला असल्यामुळे ती चोरीची असण्याची शक्यता धरूनच तपास आहे. सुरुवातीला ‘हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणीत जा’ असं ऐकावं लागलं. लेखी अर्जात बनावट गिऱ्हाईक, बदललेलं साल आणि ठोकलेला नंबर हे तीन मुद्दे वेगवेगळे मांडले, चाचांनी काढलेले फोटो जोडले, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) खाली गुन्हा नोंदला गेला. हे जुनं ४२०. मोबाईलवरून गेलेल्या २५ हजारांची तक्रार मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर केली, पण उशिरा, पैसे पुढे निघून गेले होते. रोख दिलेल्यांचा तर पुरावा नोटरीच्या कागदापुरता. तो कागद म्हणजे मालकी नव्हे. आरटीओत नावावर झाल्याशिवाय सरकारदरबारी गाडी तुमची धरली जात नाही, कितीही शिक्के असोत.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो, मग चाल बघतो, भावाचं सगळ्यात शेवटी. या टोळीने क्रमच फिरवून ठेवलाय. भाव आधी डोक्यात भरतात, गाडी नंतर दाखवतात. म्हणून जुनी टू-स्ट्रोक घ्यायला जाणाऱ्याने सोबत त्या गाडीचा जाणकार मिस्तरी, पाना, व्हर्नियर आणि थिनरची बाटली न्यावी. अस्सल मालक हेड उघडू देतो, फार तर गॅस्केटचे पैसे मागतो. मानेवरचा रंग ताजा आणि बाकी गाडीवरचा जुना असेल तर तिथेच उठावं. आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला, किंवा तो वारला असेल तर वारसांना, आरटीओत समोर उभं करावं, आणि विसाराची रक्कम त्याच नावाच्या खात्यात जावी. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी तिथल्या कार्यालयाकडून खरी आहे का ते विचारून घ्यावं. बऱ्हाणपूर, सेंधवा, सुरत आपल्याला जवळ, त्यामुळे आपल्याकडे हा प्रकार जास्त.

मी ऐकतोय ते खरं असेल तर पुण्याची पार्टी आता राजदूत ३५० मागत फिरते आहे, तीही ‘हाय टॉर्क’च, म्हणजे जास्त ताकदीचं मॉडेलच पाहिजे म्हणून, शिरपूर-दोंडाईचा भागात. तुमच्याकडे आली तर तिला हाकलू नका. एवढंच सांगा की गाडी शोधून ठेवतो, त्यासाठी आधी तुम्ही माझ्या खात्यावर २५ हजार विसार टाका. आणि जो नंबर, जो कारचा क्रमांक मिळेल तो जवळच्या ठाण्यात देऊन ठेवा.