एअर अँब्युलन्सच्या नावाखाली १,७४,५०० रुपये गेले, गावाकडच्यांनी तरी वाचा

लिहायला लाज वाटतेय पण लिहितोय. डिसेंबरातली गोष्ट, गाव दापोलीजवळ. दुपारी पावणेतीनला बाबांचा उजवा हात गळाला, तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले लकवा आहे, साडेचार तासांच्या आत सीटी करून इंजेक्शन मिळालं तर आशा आहे, चिपळूण गाठा. मी म्हटलं हेलिकॉप्टरने थेट मुंबईच गाठू. ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर अँब्युलन्स २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली ती बातमी बघितलेली, त्यामुळे यात काही खोटं असेल असं मनातही आलं नाही. बाप समोर पडलेला असताना कोणाच्या आलं असतं?

गूगलवर पहिला दिसला तो नंबर लावला. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, गोड बोलणं, लेटरहेडवर ३,८०,००० चं कोटेशन, ॲडव्हान्स १,१५,०००. माझ्याकडून ९०,०००, भावोजींकडून २५,०००. यूपीआयला नाव कुठल्यातरी मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं आलं. मी ते वाचलं, वाचून पिन टाकला.

मग म्हणे एटीसीची, म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलची, फ्रिक्वेन्सी बुक करायचे ३८,५००, ते बायकोच्या खात्यातून गेले. शंका आली म्हणून विचारलं तर त्याने व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवला, नुसती खरखर आणि त्यात एक माणूस, "मुंबई टॉवर, पेशंट पिकअप, टेक ऑफ करतोय, ओव्हर अँड आउट". आई ते ऐकून रडायला लागली, निघालं निघालं म्हणून. नंतर शेजारच्या काकांना ऐकवलं, एअरफोर्समधून रिटायर झालेत, त्यांनी दहा सेकंदांत बंद केलं. पायलट रेडिओवर आपला कॉलसाइन म्हणजे ओळखीचं नाव सांगतो, आपल्याकडच्या हेलिकॉप्टरची नोंदणी व्हीटी या अक्षरांपासून सुरू होते, यात ते काहीच नाही. ओव्हर म्हणजे आता तू बोल, आउट म्हणजे बोलणं संपलं, दोन्ही एका दमात कोणी म्हणत नाही. आणि ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा तो रेडिओ बँड सगळ्या विमानांचा मिळून असतो, पेशंटच्या नातेवाइकांकडून फ्रिक्वेन्सीचे पैसे कोणी घेत नाही. हे ध्यानात ठेवा.

पण खरं कळायला हवं होतं ते वेळ बदलली तेव्हा. आधी पाच सांगितलेले, मग साडेसात. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. शाळेचं मैदान, एक दिवा नाही, तिथे रात्री कोण उतरवणार? आणि मी काय केलं, क्रिकेटवाल्या पोरांकडून फक्कीची गोणी आणली, मैदानात मोठा एच काढला, चार गाड्यांचे हेडलाइट त्यावर लावले. तेवढ्यात फ्युएलचे म्हणून अजून २१,००० भावोजींनी टाकले. सव्वासात वाजले तेव्हा माझे हात फक्कीने पांढरे होते आणि बाबांचे साडेचार तास संपले होते. आठला त्याचा फोन बंद. शेवटी १०८ ची गाडी आली, तिनेच नेलं.

चौकीत गेलो तर म्हणे पैसे ऑनलाइन गेले, सायबरला जा. सायबरला गेलो तर म्हणे तुमच्या चौकीतून या. अहो झिरो एफआयआर नावाची गोष्ट कायद्यात आहे ना, हद्द कुठलीही असो लिहून घ्यायची, मग मला तीन चकरा का? एकाने तर विचारलं, एवढे शिकलेले दिसता, हेलिकॉप्टर कशाला मागवलंत. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी दुसऱ्या दिवशी फोन केला, तोवर पैसे पुढे गेलेले. तुम्ही त्याच मिनिटाला करा, चौकीत नंतर जा. कंपनीकडे परमिट आहे का ते डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) यादीत बघा, पैसे कंपनीच्याच खात्यात टाका, हेलिकॉप्टरचा नोंदणी नंबर मागा, दिला नाही तर फोन ठेवा. आणि डॉक्टर जवळचं हॉस्पिटल सांगतात ना, तिथेच न्या.

बाबा आहेत, पण उजवा हात अजून उचलत नाही. त्या माणसाचा नंबर गेल्या आठवड्यात परत चालू झालाय, डीपीला तेच हेलिकॉप्टर. मी स्क्रीनशॉट घेऊन परत चौकीत गेलो, साहेब रजेवर आहेत, सोमवारी बोलावलंय.