पॉवरबँक चालते, पण ती विकण्याची ही रीत नको: आठ महिन्यांच्या वापरानंतर

२०,००० एमएएच, १०० वॉट, दोन टाइप-सी पोर्ट, एक टाइप-ए आणि पुढे छोटा डिस्प्ले. कंपनी नवखी नाही, तिचे चार्जर आणि केबल तिच्याच वेबसाइटवर आधीपासून विकले जातात. तरीही हे मॉडेल क्राउडफंडिंगवर, म्हणजे माल बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करण्याच्या मोहिमेतून, आणलं. त्यामुळे वस्तूबद्दल लिहायचं तर ती कुठल्या वाटेने हातात आली तेही लिहावंच लागतं.

आधी वस्तू. आत २१७०० आकाराचे, प्रत्येकी ५,००० एमएएचचे चार सेल आहेत. ३.६ व्होल्टने हिशेब केला की साठा ७२ वॉट-अवर होतो, म्हणजे विमानप्रवासात विनापरवानगी चालणाऱ्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत. यूएसबी मीटर लावून पाहिलं तर ४५ वॉटच्या लोडवर ६२ वॉट-अवर बाहेर मिळतात आणि १०० वॉटने सुरुवात केली तर ५८. उरलेली ऊर्जा व्होल्टेज बदलताना उष्णतेत जाते. हे सगळ्याच पॉवरबँकांत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की १०० वॉट सलग अठरा-वीस मिनिटंच टिकतात. मग आउटपुट ६५ वॉटवर उतरतं आणि पुरती गार झाल्याशिवाय पुन्हा चढत नाही. मोहिमेच्या पानावर १०० वॉट ठळक अक्षरांत होते. किती वेळ, हे कुठेच नव्हतं.

रोजच्या वापरात याहून जास्त छळतो तो दुसरा दोष. एका पोर्टवर लॅपटॉप चार्ज होत असताना दुसऱ्यात फोन लावला, की लॅपटॉपची वीज दोनेक सेकंद तुटते. आतली वीज वाटणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, १०० वॉटची ६५ आणि ३० अशी नवी वाटणी करते आणि ती करताना चालू पोर्ट एकदा पूर्ण बंद करते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, तो निभावून नेतो. त्याच जागी राउटर किंवा मिनी पीसी असेल तर तो थेट रीस्टार्ट होतो. यावर उपाय एकच: सगळ्या केबल आधी जोडायच्या, राउटर शेवटी चालू करायचा आणि मध्ये कुठल्याही पोर्टला हात लावायचा नाही.

डिस्प्लेवरची टक्केवारीही भरवशाची नाही. २२ दाखवता दाखवता बँक बंद पडते. पूर्ण चार्ज करून २०-३० वॉटच्या लोडवर बंद पडेपर्यंत वापरायची, मग न थांबता पुन्हा १०० पर्यंत न्यायची. असं दोनदा केलं की आकडा बऱ्यापैकी जागेवर येतो, पण दीड-दोन महिन्यांत पुन्हा भरकटतो.

हे तिन्ही पहिल्या बॅचचे दोष आहेत, आणि खरा राग त्याचाच आहे. बॅकरांना, म्हणजे मोहिमेत आधी पैसे देणाऱ्यांना, माल मिळाल्यावर चार महिन्यांनी हेच मॉडेल कंपनीच्या स्टोअरमध्ये आलं. तळाच्या लेबलवर मॉडेल क्रमांकापुढे ‘आर२’ आहे आणि सुधारणांच्या यादीत उष्णता बाहेर नेणारा नवा थर्मल पॅड आणि पोर्टचं बदललेलं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर). कूपन लावलं की स्टोअरचा भाव बॅकरांच्या एकूण खर्चाच्याही खाली जातो, कारण शिपिंग आणि कर बॅकरांकडून मोहीम संपल्यावर वेगळे घेतले होते. स्टोअरच्या ग्राहकाला ३० दिवसांत परत करण्याची सोय आणि दोन वर्षांची वॉरंटी. बॅकरला परतीची सोय नाही, वॉरंटी एकच वर्ष, तीही माल रवाना झाल्याच्या तारखेपासून. बदलून हवी तर जुनी बँक स्वखर्चाने पाठवा, असं उत्तर येतं. पण सदोष किंवा फुगलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे आणि साधे कुरिअरवाले ती घेतही नाहीत. परदेशातल्या कंपनीची अशी वॉरंटी फक्त कागदावरच उरते.

किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटने सप्टेंबर २०१२ मध्येच जाहीर केलं होतं की आम्ही दुकान नाही. हार्डवेअरच्या मोहिमांत संगणकावर बनवलेली हुबेहूब चित्रं दाखवायला तेव्हा बंदी घातली आणि धोके सांगणारा भाग सक्तीचा केला. पण जमलेल्या रकमेतले ५ टक्के त्यांचेच असतात, त्यामुळे तयार माल विकणाऱ्याला अडवण्यात त्यांचाही तोटा आहे. तिथल्याच २०१४ च्या ‘कूलेस्ट कूलर’ला, म्हणजे सहलीला न्यायच्या बर्फाच्या पेटीला, ६२,००० हून अधिक लोकांनी पैसे दिले. त्यातले हजारो जण वाट पाहत असताना तो कूलर ॲमेझॉनवर विकला जात होता. २०१९ मध्ये कंपनी बंद पडली तेव्हा सुमारे २०,००० जणांच्या हाती काहीच आलं नव्हतं. त्या कंपनीकडे निदान माल बनवायला पैसे नव्हते. इथे कारखाना चालू आहे आणि माल तयार आहे. जोखीम घ्यायला नवीन काही नसताना ती बॅकरच्या गळ्यात घातली, आणि त्या बदल्यात ग्राहकाचे हक्क काढून घेतले.

अशी मोहीम ओळखता येते. प्लास्टिक कवचाच्या साच्यालाच महिना-दीड महिना सहज लागतो. लिथियम बॅटरी वाहतुकीला द्यायची तर यूएन ३८.३ ही संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली सुरक्षा चाचणी लागते, त्यातही काही आठवडे जातात. मोहीम संपल्यावर सहा-आठ आठवड्यांत डिलिव्हरी असं लिहिलं असेल तर हे सगळं आधीच उरकलेलं आहे, म्हणजे ही सरळ आगाऊ विक्री आहे. जमवायच्या रकमेचं लक्ष्य इतकं कमी की तासाभरात पूर्ण, स्ट्रेच गोलमध्ये (लक्ष्याहून जास्त रक्कम जमल्यास द्यायच्या जादा गोष्टींत) नुसते नवे रंग, आणि मोहीम संपल्यावरही ऑर्डर घेणं चालूच, या आणखी खुणा.

पैसे गुंतले असतील तर पानावरच्या डिलिव्हरीच्या महिन्याचा स्क्रीनशॉट आजच घ्या. किकस्टार्टरवर मोहीम संपेपर्यंत प्लेज, म्हणजे पैसे देण्याचं दिलेलं वचन, रद्द करता येतो. फक्त शेवटच्या २४ तासांत, तुमच्या जाण्याने रक्कम लक्ष्याखाली जाणार असेल, तर येत नाही. पेपालने २०१६ मध्येच क्राउडफंडिंग आपल्या खरेदी संरक्षणातून वगळलं, म्हणून कार्ड बरं. व्हिसाच्या नियमांत माल न मिळाल्याच्या तक्रारीला अपेक्षित डिलिव्हरीपासून १२० दिवस मिळतात, आणि व्यवहारापासून जास्तीत जास्त ५४०. बँक क्राउडफंडिंगची तक्रार मानेलच असं नाही, पण मुदत गेल्यावर विचारायलाही जागा राहत नाही. कंपनीच्या प्रत्येक ‘अजून थोडे दिवस’मध्ये हेच दिवस सरतात.

एकच लॅपटॉप, तोही ६५ वॉटपर्यंतचा, एवढंच काम असेल तर ही पॉवरबँक आठ महिन्यांनंतरही नीट चालते. घ्यायची तर स्टोअरमधूनच घ्या, आणि पेटी उघडल्यावर आधी तळाचं लेबल बघा. ‘आर२’ नसेल तर ३० दिवसांच्या आत परत करा.