डाव्या आट्यांचे व्हील नट: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी १९६६ची डॉज कोरोनेट. डाव्या बाजूच्या दोन चाकांना डाव्या आट्यांचे (म्हणजे उलटे, डावीकडे फिरवून आवळायचे) नवे १० नट लावले. माप अर्धा इंच, इंचाला २० आटे, बैठक (नटाचा चाकाला टेकणारा भाग) निमुळती. आटे कोरडे ठेवून ६५ फूट-पौंडांवर, म्हणजे सुमारे ८८ न्यूटन-मीटरवर आवळले. शंभरेक किलोमीटरनंतर तपासले तेव्हा एक-दोन नट किंचित फिरले, बैठकीवरचं क्रोम दबल्यामुळे. त्यानंतर एकही हललेला नाही. उजव्या बाजूचे साधे नटही हलले नाहीत, हेही सांगायला हवं.

डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरने डाव्या चाकांना उलटे आटे देण्याची ही पद्धत साधारण १९७०पर्यंत ठेवली, ती चाक फिरताना नट आपोआप सुटू नयेत म्हणून. पण पकड मुख्यतः बैठक आणि योग्य ताण यांतून येते. जास्त सुरक्षित समजून हे नट घेऊ नका. जुने स्टड (नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे दांडे) चांगले असतील, तर मात्र जरूर घ्या.

खरी अडचण टॉर्क रेंचची, म्हणजे ठरावीक जोराने आवळायच्या पान्याची. बरेच ‘क्लिक’वाले रेंच फक्त उजवीकडे आवळताना मोजतात. डावीकडे फिरवले की क्लिक होतच नाही आणि माणूस आवळतच राहतो. दोन्ही दिशांना मोजणारा रेंच घ्या, नाहीतर साधा काट्याचा वापरा.

आमच्या सेटचा मोठा दोष म्हणजे बंद टोपीचे नट. स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला असतो, तोच टोपीखाली झाकला जातो. मग टायरवाला इम्पॅक्ट गन नेहमीच्या दिशेने ‘सोडायला’ लावतो, नट आणखी आवळला जातो आणि स्टड तुटतो. पुन्हा घ्यायचे झाले तर आम्ही उघड्या तोंडाचेच घेऊ. तोवर दोन्ही डाव्या चाकांच्या रिमवर आतून पिवळा रंग लावलाय आणि दुकानात डाव्या-उजव्या नटांना वेगळ्या वाट्या देतो. नट पहिले तीन-चार आटे हातानेच फिरवा. हाताने चढत नसेल तर तो बहुधा चुकीच्या बाजूचा आहे. स्टेपनीची चिंता नाही, आटे गाडीच्या स्टडवर असतात, चाकात नाहीत.

डावीकडेही सरळ (नेहमीच्या उजव्या) आट्यांचे स्टड टाकायचे असतील तर दोन्ही डाव्या चाकांचे सगळे एकदम बदला. पुढच्या ब्रेक ड्रमवर स्टडची कड पसरवून ड्रम हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) जखडलेला असतो. ती कड आधी कापल्याशिवाय स्टड प्रेसने ढकलला तर हबचं भोक मोठं होतं आणि नवा स्टड नटासोबत जागीच फिरत राहतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या जुन्या डॉज-प्लिमथवाल्यांसाठी दोन गोष्टी. तुमच्याकडे नटांऐवजी बोल्ट असतील, तर हे नट उपयोगाचे नाहीत. आणि अमेरिकी पुस्तकातली ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हणजे डावी; आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ती शेजारी बसणाऱ्याची.