मास्कची ऑर्डर आणि त्यानंतर आलेला परताव्याचा फोन

२०२० च्या मार्च महिन्यात मास्क घेण्यासाठी आम्ही तीन कुटुंबांनी मिळून भरलेले पैसे एका बनावट विक्रेत्याने लुबाडले. त्यानंतर काही आठवड्यांनी, ते पैसे परत मिळवून देतो असे सांगणाऱ्या माणसाने आमच्या शेजारच्या काकांच्या खात्यातून त्याहून कितीतरी मोठी रक्कम काढून घेतली. पहिल्या प्रकारच्या फसवणुकीविषयी बरेच बोलले गेले आहे, परंतु दुसरा प्रकार अनेकांना ठाऊकच नसतो, आणि जो एकदा फसला आहे त्यालाच तो गाठतो. म्हणून दोन्ही घटना जशा घडल्या तशा क्रमाने लिहीत आहे.

त्या दिवसांची परिस्थिती आठवल्याशिवाय आमचे वागणे समजणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी कोरोनाच्या (कोविड-१९) साथीमुळे आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती आणि ११ मार्चला या साथीला महामारी म्हटले होते. त्याआधी, ३ मार्चलाच, संघटनेने सांगितले होते की शस्त्रक्रियेच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या मास्कच्या किमती सहापट आणि एन९५ मास्कच्या किमती तिप्पट झाल्या आहेत, आणि साथीशी लढण्यासाठी जगाला दर महिन्याला सुमारे ८ कोटी ९० लाख वैद्यकीय मास्क लागतील. निरोगी माणसाने मास्क वापरण्याची गरज नाही, तो रुग्णांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी राखून ठेवावा, असा संघटनेचा तेव्हाचा सल्ला होता. माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. तिला कामावर मोजकेच मास्क मिळत होते आणि एकच मास्क पुन्हा पुन्हा वापरावा लागत होता. काम संपवून ती ज्या घरी परतत असे, त्याच घरी फुप्फुसांच्या जुन्या आजाराने त्रस्त असलेली आमची आई होती. दुकानांत माल नव्हता, आणि असला तरी बाहेर पडणे कठीण होते. शेजारच्या दोन घरांतही अशीच वयस्कर आणि आजारी माणसे होती. तिघांनी मिळून एकच मागणी नोंदवावी, असे ठरले.

एका ओळखीच्या माणसाकडून पुढे आलेल्या संदेशातून त्या संकेतस्थळाचा पत्ता मिळाला. संदेश पाठवणाऱ्याने स्वतः तिथून काहीही घेतलेले नव्हते, हे नंतर कळले. त्यालाही तो दुसऱ्या कोणाकडून आला होता. संकेतस्थळ नीटनेटके होते. गोदामाची छायाचित्रे होती, शिक्का आणि सही असलेले प्रमाणपत्र होते, आणि शिल्लक मालाचा आकडा डोळ्यांसमोर कमी होत जाताना दिसत होता. दिलेल्या क्रमांकावर फोन केल्यावर बोलणारा माणूस अत्यंत सौम्य होता. त्याने कोणतीही घाई केली नाही, उलट आईच्या प्रकृतीची चौकशी केली आणि घरात परिचारिका असल्याचे कळल्यावर आमची मागणी आधी पाठवण्याचे आश्वासन दिले.

पहिला हप्ता त्याने कार्डाने घेतला. उरलेल्या रकमेच्या वेळी मात्र, सगळे लोक घरून व्यवहार करत असल्यामुळे कार्डाच्या यंत्रणेवर ताण आला आहे, तेव्हा पैसे थेट बँक खात्यात भरावेत, असे सांगितले. ते खाते कंपनीच्या नावाचे नव्हते, एका व्यक्तीच्या नावाचे होते. त्याविषयी विचारले असता, हिशेब सांभाळणाऱ्या भागीदाराचे ते खाते आहे, असे उत्तर मिळाले. आठवड्याभराने पुन्हा फोन आला. माल सीमाशुल्क विभागात अडकला आहे, अनेक देशांनी निर्यातीवर निर्बंध घातले आहेत, आणि तो सोडवण्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागेल, असे त्याचे म्हणणे होते.

या सगळ्या प्रकाराचे मर्म मला इथेच दिसते. त्याने सांगितलेल्या प्रत्येक खोट्या गोष्टीखाली एक खरी बातमी होती. मास्कचा तुटवडा खरा होता. घरबसल्या व्यवहार वाढले होते, हेही खरे होते. निर्यातबंदीही खरी होती. जागतिक व्यापार संघटनेने एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ८० देशांनी व स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेशांनी साथीशी संबंधित वस्तूंच्या निर्यातीवर बंदी किंवा मर्यादा घातली होती. आम्ही प्रत्येक वेळी खातरजमा केली, पण ती बातमीची केली. बातमी खरी निघाली की विक्रेताही खरा वाटू लागे. वास्तविक, बातमी खरी असण्याचा आणि ती सांगणारा प्रामाणिक असण्याचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता.

त्या माणसाविषयी तपासण्यासारख्या गोष्टी वेगळ्या होत्या, आणि त्या घरबसल्या तपासता येतात. संकेतस्थळाचे नाव कधी नोंदवले गेले, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. आम्हाला अनेक वर्षे जुनी म्हणून सांगितलेली ती कंपनी ज्या नावाने व्यवहार करत होती, ते नाव फेब्रुवारीत नोंदवले गेले होते. गोदामाचे छायाचित्र शोधयंत्रात टाकून पाहिले असता ते भलत्याच उद्योगाच्या पानावर सापडले. प्रमाणपत्राचेही तसेच. मार्चमध्येच युरोपियन सेफ्टी फेडरेशनने संरक्षक साधनांसोबत बनावट किंवा निरुपयोगी प्रमाणपत्रे फिरत असल्याचा इशारा दिला होता. कागदावर शिक्का आहे, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला तशी तपासणी करण्याचा अधिकार आहे का, हे पाहावे लागते.

शुल्क भरल्यानंतर पार्सल खरोखरच आले. अशा प्रकारांत माल येतच नाही, असा समज असतो, पण काहीतरी पाठवून देणे फसवणाऱ्याच्या फायद्याचे असते: वस्तू पोहोचल्याची नोंद होते आणि तक्रार लांबणीवर पडते. पेटीवर ठळक अक्षरांत एन९५ असे छापले होते. शेजाऱ्यांकडे त्यांचा वाटा पोहोचवण्याच्या तयारीत मी होते, इतक्यात बहीण कामावरून आली आणि तिने एक मास्क हातात घेताक्षणी हे खरे नव्हेत असे सांगितले.

तिने दाखवलेल्या खुणा सविस्तर देते, कारण त्या आजही उपयोगी पडतात. एन९५ ही अमेरिकेतील 'नायॉश' या संस्थेची श्रेणी आहे. त्या संस्थेने मान्यता दिलेल्या मास्कवर संस्थेचे नाव आणि टीसी-८४ए या अक्षरांनी सुरू होणारा मान्यता क्रमांक छापलेला असतो, आणि तो क्रमांक संस्थेच्या यादीत पडताळून पाहता येतो. आमच्या मास्कवर क्रमांक नव्हता. मान्यताप्राप्त एन९५ डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांनी बांधला जातो, म्हणजे तो चेहऱ्याला घट्ट बसतो. आमच्या मास्कला कानात अडकवायचे सैल फासे होते. पेटीवर लहान मुलांसाठीही उपयुक्त असे लिहिले होते, आणि नायॉश मुलांसाठीच्या मास्कना मान्यता देतच नाही. युरोपीय एफएफपी२ आणि चिनी केएन९५ या श्रेणी वेगळ्या आहेत, त्यांची मानके वेगळी आहेत; एफएफपी२ वर सीई या खुणेसोबत तपासणी संस्थेचा चार आकडी क्रमांक असावा लागतो. एकाच मास्कवर या सगळ्या श्रेणींची नावे एकत्र छापलेली दिसली, तर तेवढ्यावरूनच संशय घ्यावा.

मग तिने कात्रीने एक मास्क कापला. खऱ्या एन९५ मध्ये वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म तंतूंचा एक थर असतो. त्या तंतूंना विद्युतभार दिलेला असल्यामुळे ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण तो अडवतो. आमच्या मास्कमध्ये तो थर नव्हताच. दोन पातळ कापडी थर एकमेकांना चिकटवलेले होते. बहीण त्या रात्री फारसे बोलली नाही. असाच माल आपल्या कामाच्या ठिकाणी आला असता, तर सगळ्यांनी तो विश्वासाने चढवला असता आणि रुग्णांच्या खोलीत गेले असते, एवढेच ती म्हणाली. या फसवणुकीकडे केवळ पैशांचे नुकसान म्हणून पाहणे मला तेव्हापासून जमलेले नाही. उघड्या तोंडाने वावरणारा माणूस निदान अंतर राखतो. खोट्या मास्कवर विसंबलेला माणूस ते राखत नाही.

विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. आम्ही तक्रारीची जुळवाजुळव करत असताना मे महिन्यात दुसरा फोन आला, आणि तो तिन्ही घरांना आला.

बोलणाऱ्याने आपण एका आंतरराष्ट्रीय तपास पथकातर्फे बोलत असल्याचे सांगितले. बनावट मास्कविरुद्ध इंटरपोलने कारवाई केली आहे, त्यात आमच्या विक्रेत्याचा माल आणि पैसे जप्त झाले आहेत, आणि फसलेल्यांना भरपाई मिळणार आहे, असे त्याचे म्हणणे होते. इथेही खाली खरी बातमी होती. मार्चच्या ३ ते १० तारखांदरम्यान इंटरपोलच्या 'ऑपरेशन पँजिया' या मोहिमेत ९० देशांनी भाग घेतला, १२१ जणांना अटक झाली, आणि बनावट व निकृष्ट असे ३४ हजारांहून अधिक मास्क पकडले गेले. काकांनी ही बातमी शोधून वाचली आणि त्यांची खात्री पटली. शिवाय त्या माणसाला आमचा मागणी क्रमांक, भरलेली रक्कम, भरल्याच्या तारखा, सगळे तोंडपाठ होते. ही माहिती त्याच्याकडे असण्याचे एकच कारण संभवते: पहिल्या टोळीनेच ती वापरली होती किंवा विकली होती. ज्याला आपल्या फसवणुकीचे तपशील आपण न सांगता ठाऊक आहेत, तो मदत करायला आलेला नसतो.

माझ्याशी बोलताना त्याने भरपाई जमा करण्यासाठी फोनवर एक ॲप घ्यायला सांगितले. तुमचे नाव आणि कार्यालय सांगा, त्या कार्यालयाच्या जाहीर क्रमांकावर मी स्वतः फोन करते, असे मी म्हटले. तोवर गोड असलेला त्याचा आवाज बदलला. "मॅडम, आज नोंद झाली नाही तर तुमचा दावा रद्द होईल," असे त्याने बजावले आणि मी पुन्हा तोच प्रश्न विचारल्यावर फोन ठेवला. काकांना मात्र त्याने पाऊण तास बोलण्यात गुंतवून ठेवले. ते ॲप म्हणजे आपल्या फोनचा पडदा दुसऱ्या माणसाला दूरवरून दाखवणारे साधन होते. भरपाईसाठी खाते पडताळायचे आहे असे सांगून त्याने काकांना बँकेचे ॲप उघडायला लावले, आणि फोनवर आलेले ओटीपी त्याला काकांनी वाचून दाखवण्याचीही गरज उरली नाही. ते त्याला दिसतच होते. मास्कसाठी गेलेल्या रकमेच्या आशेने काकांची औषधोपचारासाठी बाजूला ठेवलेली बहुतेक सगळी पुंजी गेली.

इंटरपोल ही देशोदेशींच्या पोलिसांमध्ये समन्वय साधणारी संस्था आहे. ती सामान्य नागरिकांना थेट फोन करून पैसे मागत नाही किंवा परत करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावानेही त्या काळात असेच संदेश फिरत होते, आणि संघटनेला स्वतःच लोकांना सावध करावे लागले होते. एप्रिलमध्ये गूगलने सांगितले होते की एका आठवड्यात दररोज साथीच्या नावाखाली आलेले १ कोटी ८० लाख घातक व फसवे ईमेल आपण अडवले. मोठ्या संस्थेचे नाव घेणे फसवणाऱ्याला किती सोपे असते, याची यावरून कल्पना यावी.

काका दोन दिवस कोणाशीही बोलले नाहीत. घरी कळेल या संकोचाने त्यांनी बँकेलाही कळवले नाही, आणि चोरांना नेमके हेच हवे असते. त्यांच्या मुलीच्या लक्षात आल्यावर तिने मला बोलावले. मी एवढेच म्हटले, "काका, यात तुमची लाज काय? चोरी त्याने केली आहे." मग त्यांनी सगळे सांगितले. बँकेने ताबडतोब खाते गोठवले, पण अधिकाऱ्याचे म्हणणे असे पडले की पहिल्या काही तासांत कळले असते, तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच रोखता येण्याची शक्यता बरीच जास्त होती. पैसे तोवर अनेक खात्यांतून फिरून निघून गेले होते आणि त्यांतला अगदी थोडा भाग अडवता आला.

आमच्या पहिल्या व्यवहारातला कार्डाने भरलेला हप्ता परत मिळाला. कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे हरकत नोंदवता येते आणि विक्रेत्याला बाजू मांडावी लागते. तो पुढे आलाच नाही. थेट खात्यात भरलेली रक्कम आणि सीमाशुल्काच्या नावाखाली घेतलेले पैसे परत मिळालेले नाहीत. कार्ड सोडून थेट खात्यात पैसे मागण्यामागचा हेतू हाच होता, हे बँकेतल्या बाईंनी समजावून सांगितल्यावर स्पष्ट झाले. पोलिसांनी तक्रार घेताना संदेश, फोन क्रमांक, व्यवहारांचे क्रमांक, प्रमाणपत्राची प्रत आणि पार्सलच्या पेटीवरची चिठ्ठी मागितली. आमच्यापैकी एका कुटुंबाने चिडून सगळे संदेश पुसून टाकले होते, त्यामुळे त्यांची तक्रार दुबळी राहिली. संताप कितीही झाला तरी काहीही पुसू नये आणि पेटीही टाकू नये.

जूनअखेरीस गोदामाची तीच छायाचित्रे वेगळ्या नावाच्या संकेतस्थळावर दिसली. तिथे आता बोटाला लावायचे ऑक्सिमीटर विकले जात होते. बहिणीने आणि मी त्याची तक्रार केली आणि काही दिवसांनी ते पान बंद झाले. तिथे पैसे भरलेल्या लोकांचे क्रमांक मात्र त्या टोळीकडे आहेतच, आणि त्यांना परताव्याचा फोन येण्याची दाट शक्यता आहे. अशा कोणत्याही संकेतस्थळावर ज्यांनी पैसे भरले असतील, त्यांनी तो फोन येण्याआधीच बँकेला कळवून ठेवावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या फोनविषयी आजच सांगून ठेवावे.