जुन्या स्टेशन वॅगनमध्ये नवीन इंजिन टाकलं आणि माझाच ईसीयू मला ‘नवीन’ म्हणून विकला गेला

मंडळी, जरा लांबलचक आहे, पण जुनी गाडी घेऊन तिच्यात आजकालचं इंजिन टाकायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर पूर्ण वाचा. इंजिन बसवणाऱ्याने नाही, वायरिंगवाल्याने मला व्यवस्थित टोपी घातली, आणि पद्धत इतकी साधी होती की माझ्याआधी आणि माझ्यानंतरही कितीतरी लोकांवर ती चालली असणार.

गाडी कार्ब्युरेटरच्या जमान्यातली स्टेशन वॅगन. हिचं मूळ वायरिंग म्हणजे मूठभर वायरी आणि चार फ्यूज, इंजिन चालायला किल्लीपासून कॉइलपर्यंत एक वायर गेली की झालं. नवीन इंजिनला मात्र क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, एअर फ्लो, ऑक्सिजन सेन्सर, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल, वेगळा इंजेक्टर, आणि या सगळ्यांना नाचवणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर. मी सुटं इंजिन न घेता मागून ठोकलेली अख्खी डोनर गाडीच (जिच्यातून इंजिन काढायचं ती) घेतली होती, म्हणजे ईसीयू, पेडल, किल्ली, इमोबिलायझरचा (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणारा) डबा, किल्लीभोवतीची रिंग असं सगळं एकाच गाडीचं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

माउंट, गिअरबॉक्स, रेडिएटर हे काम एका दुसऱ्या मेकॅनिकने केलं आणि चोख केलं. ते काम डोळ्यांना दिसतं ना, वेल्डिंग वाकडं असलं तर वाकडंच दिसतं. वायरिंगचं तसं नाही. एकदा वरून टेप फिरली की आत सोनं आहे की शेण आहे कुणाला कळणार?

तर हा वायरिंगवाला. बोलायला एकदम गोड, आणि माहिती होती त्याला, हे मान्य करावंच लागेल. पहिल्या भेटीत मला पटवून दिलं की डोनर गाडीचं हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) वापरू नका, त्यात एअरबॅग, एबीएस, दरवाजे, काय काय असतं, आपण फक्त इंजिनापुरतं वेगळं हार्नेस बनवू, सगळी वायर नवी, उष्णता सहन करणारी, सगळे कपलर (वायरी जोडायचे प्लग) नवे, स्वतंत्र फ्यूज बॉक्स आणि रिले (जास्त करंट चालू-बंद करणारे स्विच). हे बोलणं शंभर टक्के बरोबर आहे, चांगलं काम असंच होतं. पैसे तीन टप्प्यांत ठरले, सुरुवातीला, हार्नेस तयार झाल्यावर आणि इंजिन चालू झाल्यावर. हार्नेस तयार झाल्याचे फोटो आले, टेबलावर पसरलेलं, सुरेख काळी कापडी टेप, प्रत्येक फाट्याला लेबल. दुसरा टप्पा दिला. (तो फोटो कुठल्यातरी तिसऱ्याच गाडीच्या हार्नेसचा होता, नंतर नीट बघितलं तर सहा इंजेक्टरचे फाटे होते त्यात, माझं इंजिन चार सिलिंडरचं.)

मग फोन आला, “साहेब, एक वाईट बातमी आहे, तुमचा ईसीयू गेलाय.” इंजिन सुरू होतं, दोन सेकंद चालतं आणि बंद पडतं म्हणाला. व्हिडिओपण पाठवला, खरंच तसंच होत होतं. अपघातात शॉर्ट झाला असणार, नवीन घ्यावा लागेल, वर इमोबिलायझर काढून टाकायचं प्रोग्रॅमिंग वेगळं. ज्यांना माहीत आहे ते इथेच हसतील. सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडणं हे बऱ्याच गाड्यांमध्ये इमोबिलायझरचं लक्षण असतं, ईसीयूला आपली ओळखीची किल्ली दिसली नाही की तो इंजेक्टर बंद करतो. म्हणजे डबा, रिंग आणि किल्ली जोडायची राहिली होती, बस. ते सगळं मी पिशवीत घालून त्याच्याच हातात दिलेलं होतं. त्याने ते जोडलं असणार, इंजिन चालू झालं, आणि मला बिल आलं ‘नवीन ईसीयू’ आणि ‘प्रोग्रॅमिंग’चं. जुना ईसीयू परत मागितला तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेला.

गाडी ताब्यात आली तेव्हा छान चालत होती. लगेचच त्रास सुरू झाला. सेल्फ मारला की इंजिन पकडायचं, आणि किल्ली सोडली की गप. परत मारा, परत पकडणार, परत गप. फोन केला तर “साहेब पंप वीक आहे, प्रेशर धरत नाही.” पंप बदलला, बिल आलं. गाडी बरी झाली पण आता सकाळी बॅटरी उतरलेली असायची. “जुन्या गाड्यांमध्ये असं होतंच हो, बॅटरी मोठी टाका.” टाकली. ती पण उतरायला लागली. दर वेळी दोष गाडीच्या वयाचा आणि बिल माझं. शेवटी एका संध्याकाळी मागच्या सीटच्या बाजूने प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि मी गाडी बाजूला घेऊन बॅटरीची मायनस काढून टाकली, ती परत त्याच्याकडे न नेता दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे टो करून नेली.

या माणसाने आधी स्कॅनर लावायला सॉकेट शोधलं. सॉकेटच नाही! पहिला म्हणाला होता स्वॅप (इंजिन बदललेल्या) गाडीला त्याची गरज नसते. चेक इंजिनचा दिवापण जोडलेला नव्हता. म्हणजे इंजिनाला काही झालं तर मला कळायचा मार्गच ठेवला नव्हता, कळणार फक्त त्यालाच. नव्या माणसाने ईसीयूपासून सोळा पिनचं सॉकेट काढलं, त्यात फार काही नसतं, १६ नंबरला बॅटरी, ४ आणि ५ ला अर्थ, ६ आणि १४ ला कॅनच्या (ईसीयूशी माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या) दोन वायरी एकमेकींना पीळ घालून. स्कॅनर लावला आणि गाडीची माहिती वाचायला सांगितली. त्या ईसीयूच्या आत जो सतरा अक्षरांचा चेसिस नंबर साठवलेला असतो तो स्क्रीनवर आला.

माझ्या डोनर गाडीचा नंबर.

मी कागदपत्रं काढून एकेक अक्षर जुळवलं. ईसीयूवरचं स्टिकर बदललेलं होतं, नंबरचं स्टिकर कुठलंतरी दुसरं चिकटवलेलं, पण आतला नंबर बदलायचे कष्ट महाशयांनी घेतले नव्हते. माझाच ईसीयू, मलाच, नवीन म्हणून.

त्यानंतर टेप कापली. इथे थोडं सविस्तर लिहितो कारण खरा माल इथेच आहे. वरची कापडी टेप नवी कोरी, तिच्याखाली डोनर गाडीची कंपनीची जुनी टेप, ग्रीसने काळी झालेली. म्हणजे ‘नवीन हार्नेस’ हे डोनर गाडीचंच, नको त्या वायरी पकडीने तोडून तशाच आत कोंबलेल्या, टोकं उघडी. जिथे लांबी कमी पडली तिथे दोन वायरी पिळून वरून साधी टेप, ना सोल्डर, ना क्रिम्प (दाबून बसवलेला जोड), ना हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). एक जॉइंट तर क्रँक सेन्सरच्या वायरीत एक्झॉस्टच्या वीतभर अंतरावर होता, टेपचा गोंद वितळून बोटाला चिकटत होता. सेन्सरची अर्थ, जी ईसीयूकडेच परत जायला हवी, ती जवळच्या एका नटाखाली बॉडीला मारलेली, रंग न खरवडता.

किल्ली सोडली की बंद पडायचं त्याचं कारणपण सापडलं. पॉइंटवाल्या जुन्या गाड्यांमध्ये कॉइलला चालू असताना पूर्ण १२ व्होल्ट देत नाहीत, मध्ये व्होल्टेज कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर असतो नाहीतर रेझिस्टन्सवाली वायरच असते, साधारण दीड ओहमची, आणि फक्त सेल्फ मारताना तिला बायपास करून पूर्ण व्होल्टेज जातं. या पठ्ठ्याने ईसीयू, इंजेक्टर आणि चारही कॉइल्सचा इग्निशन सप्लाय त्याच जुन्या कॉइलच्या वायरीवरून घेतला होता! चार-पाच अँपिअर ओढले की दीड ओहमवर सहा-सात व्होल्ट तिथेच खलास, उरलेल्यावर ईसीयू काय चालणार. सेल्फ मारताना मात्र बायपास, म्हणून पकडायचं. पंपाचा काडीचा संबंध नव्हता. पंप बदलायच्या नावाखाली गाडी नेली तेव्हा त्याने गुपचूप तो सप्लाय थेट बॅटरीवर घेतला, फ्यूज नाही आणि रिले नाही, म्हणजे किल्ली काढली तरी ईसीयू रात्रभर जागा. सगळं बंद करून गाडी झोपली की साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट असायला हवा, इथे मीटर अँपिअरमध्ये दाखवत होता. बॅटरी उतरणार नाहीतर काय होणार.

आणि तो जळका वास. वॅगन लांब असते, टाकीतल्या पंपापर्यंत वायर पाचेक मीटर जाते. त्याने मागच्या दिव्याची जुनी बारीक वायर पंपासाठी वापरली आणि कमी पडली तिथे गाडीच्या म्युझिक सिस्टमला वापरतात तसली स्वस्त वायर जोडली. नव्या इलेक्ट्रिशियनने तिची एक तार ब्लेडने खरवडून दाखवली, वर तांब्याचा पापुद्रा आणि आतून पांढरीफटक. ॲल्युमिनियम. (खरी टिन केलेली तांब्याची तार उलटी असते, वरून पांढरी, खरवडली की लाल.) ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या वायरीचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या वर जातो आणि दाबलेला लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) काही दिवसांनी सैल पडतो. हिशोब सांगतो, एक चौरस एमएमची तांब्याची वायर पाच मीटर आणि १० अँपिअर, तरी पाऊण-एक व्होल्ट वाटेतच जातो, अडीच चौरस एमएम टाकली तर ०.३५ वर येतो. पंपाचा फ्यूज सारखा उडत असणार म्हणून त्याने १० चा लाल काढून ३० चा हिरवा टाकला. म्हणजे आता फ्यूज वाचणार आणि वायर जळणार, तीही पेट्रोलच्या टाकीशेजारी. ईसीयूची चोरी एकवेळ पैशापुरती आहे, पण हे बघून मी खरंच सुन्न झालो, कारण गाडीत घरची माणसं बसत होती.

त्याला जाऊन सगळं दाखवलं तर आधी म्हणाला, “साहेब, तुम्ही टेप कापलीत, वॉरंटी संपली.” मग ईसीयूबद्दल म्हणाला प्रोग्रॅमिंग करताना तुमच्या गाडीचा नंबर टाकावा लागतो. हे ऐकायला बरोबर वाटेल, काही गाड्यांमध्ये खरंच टाकतात, पण मग तो नंबर वॅगनचा टाकशील, भंगारात गेलेल्या डोनरचा कशाला? आणि माझ्याकडे डोनर खोलताना काढलेला फोटो होता, डब्याच्या कोपऱ्यावर एक खोल ओरखडा आणि एक तुटका कान. तोच ओरखडा, तोच कान. त्यावर गडी गप्प बसला आणि शेवटी तोडगा काय काढला तर, “गाडी आणा, फुकटात नवीन टेप मारून देतो.”

आता जे कुणी असं काम करून घेणार आहेत त्यांना, गाडी कुठलीही असो. हार्नेस टेप मारायच्या आधी उघडं बघायचं, हातात घेऊन, फोटोत नाही, आणि दुसरा टप्पा त्यानंतरच द्यायचा. नको म्हणाला तर काम देऊच नका, चांगला माणूस उलट हौसेने दाखवतो. एक तुकडा वायर मागून घ्या, खरवडा, आणि गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून बघा, साधं पीव्हीसी लगेच वितळतं, इंजिनाजवळ लागणारं १२५ डिग्रीचं क्रॉसलिंक्ड आवरण वितळत नाही. कुठली पिन कुठे जाते याचा कागद आणि प्रत्येक फ्यूज किती अँपिअरचा आणि कशाचा ही यादी लेखी पाहिजे. ईसीयू, इमोबिलायझर, किल्ली यांचे नंबरासकट फोटो, आणि जमलं तर देण्याआधी डोनरवरच स्कॅन करून घ्या. कुठलाही भाग ‘गेला’ म्हटलं की गेलेला भाग परत हातात, त्याशिवाय नव्याचे पैसे नाहीत.

शेवटचे पैसे गाडी चालू झाली म्हणून देऊ नका, चालू तर माझीपण झाली होती. इंजिन पूर्ण गरम, रेडिएटर फॅन चालू, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावून अर्धा तास चालवा, मग पंपाच्या कपलरवर मीटर लावा आणि बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर विचारा का. सेल्फ मारताना बॅटरीची मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ कच्ची आहे. मीटर धरता येत नसेल तर ज्याला येतो त्याला सोबत न्या, एवढे पैसे घालतोय आपण.

वॅगनचं हार्नेस आता नव्याने बनतंय, डोनरचे कपलर साफ करून वापरतोय आणि वायर सगळी नवी, मी रोज जाऊन बघतो आणि त्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. मागच्या दरवाजाच्या बिजागरीपाशी वायरी वाकून वाकून तुटलेल्या आहेत, ते सगळ्यात शेवटी घेणार आहे.

तक्रार केली आहे. बिलात ‘वायरिंग काम संपूर्ण’ अशी एकच ओळ आहे, त्यात कुठली वायर, किती एमएम, जुनं की नवं काहीच नाही, त्यामुळे तिथे तो सहज निसटेल असं सल्ला देणाऱ्याने सांगितलं. ईसीयूची ओळ मात्र वेगळी आहे, ‘नवीन’ हा शब्द त्याच्याच अक्षरात, तारीख आणि सहीसकट. सगळा जोर त्या एका ओळीवर लावलाय, स्कॅनचा प्रिंट आणि ओरखड्याचे दोन्ही फोटो जोडलेत. उत्तर आलं की इथेच टाकतो.